उभयचर गाडीला आऊटबोर्ड जोडताना

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील बेती येथे मी मच्छीमारांच्या होड्यांची आऊटबोर्ड इंजिने, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायची इंजिने, दुरुस्त करतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास खाजन शेती (खाडीकाठची, बांध घातलेली शेती) असलेले एक गृहस्थ आपली जमिनीवर आणि पाण्यावर चालणारी सहा चाकी गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आले. एका गॅरेजने तिच्या मागे आऊटबोर्ड बसवून दिले होते. ओहोटीच्या भरात बांधाजवळून जाताना इंजिन टांगायचे ब्रॅकेट गाडीच्या प्लास्टिकच्या अंगासकट फाटले आणि इंजिन पेट्रोलच्या नळीवर लोंबकळत राहिले. गाडीतील दोघे खारफुटीत अडकले म्हणून वाचले. हे काम कसे करू नये आणि कसे करावे, ते इतरांच्याही उपयोगी पडावे यासाठी हा पत्रप्रपंच.

मुळात अशा गाडीला वेगळे इंजिन का लागते? पाण्यात ती केवळ चाकांच्या फिरण्याने पुढे सरकते आणि तिचा वेग ताशी ४-५ किलोमीटरच्या आसपास असतो. चाकाचा खालचा भाग पाणी मागे ढकलतो, वरचा भाग मात्र पुढे फिरत असतो. म्हणून चाक अर्धे पाण्याबाहेर आहे तोवरच त्याचा जोर मिळतो. माणसे आणि सामान वाढून गाडी खाली बसली, की चाके बुडतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी हा जोर घटतो. मांडवी किंवा शापोरा नदी पावसाळ्यात फुगलेली असताना प्रवाहाचा वेग गाडीच्या वेगाइतका व्हायला वेळ लागत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये सत्तरी आणि डिचोलीत आलेला पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मात्र इंजिन मोठे असले की गाडी पळेल, हा समज चुकीचा आहे. गाडीचे अंग टबासारखे बोथट असून पाण्यावरील लांबी जेमतेम अडीच-तीन मीटर असते. एवढ्या लांबीचे अंग ताशी सुमारे ७ किलोमीटरच्या पुढे नेऊ पाहिले, तर ते स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, मागची बाजू खाली बसते आणि पाणी कडेवरून आत येते. त्यामुळे ४ किंवा ५ अश्वशक्तीचे इंजिन पुरे होते. त्याचेही वजन सुमारे २५ किलो असते आणि ते अगदी शेवटच्या टोकाला टांगले जाते, म्हणून बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि एखादा माणूस पुढे सरकवून तोल सावरावा लागतो.

खरी मेख आहे ती ब्रॅकेटमध्ये. पंखा पाणी ढकलतो तो ब्रॅकेटच्या बऱ्याच खाली, त्यामुळे तरफेसारखा सारा ताण त्या चार-सहा बोल्टांवर येतो. शिवाय जमिनीवर दगडधोंड्यांतून जाताना तेच वजन सतत हादरे देत राहते. प्लास्टिकच्या पत्र्याला हे सोसत नाही. ब्रॅकेटचे पाय आतल्या लोखंडी चौकटीपर्यंत न्यावेत, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्या द्याव्यात आणि पाण्याच्या पातळीजवळचे प्रत्येक भोक जलरोधक लुकणाने नीट बंद करावे. माझ्याकडे आलेल्या गाडीत यातले काहीच केलेले नव्हते. नुसते वॉशर लावून बोल्ट आवळले होते. माणसाच्या जिवाशी गाठ असलेले काम असे उरकलेले पाहून मला फार वाईट वाटले.

उंचीचे मापही बहुतेक जण गाडी जमिनीवर उभी करून घेतात. ते तिला पाण्यात तरंगवून, नेहमीची माणसे आणि सामान आत ठेवून घ्यावे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी गाडीच्या बुडापेक्षा किंचित खाली राहिली पाहिजे, कारण पुढची चाके पाणी घुसळतात आणि पट्टी वर राहिली तर पंखा हवा ओढून नुसताच गरगरतो. इंजिन आखूड दांड्याचे, म्हणजे १५ इंची घ्यायचे की २० इंची, हे या मापावरूनच ठरते.

चिखलाच्या काठाला लागताना चाके जमिनीला टेकण्याआधी इंजिन वर उचलून अडकवावे. मात्र पाण्यात असताना ते मोकळे ठेवावे, म्हणजे खडकाला आपटले तर आपोआप वर उचलले जाईल. चालक पुढे आणि इंजिन वळवायचा दांडा मागे, अशी या गाडीची रचना असल्याने दांड्यावर दुसरा माणूस हवाच. इंजिन बंद पाडणारी दोरी त्याच्या मनगटाला बांधलेली असावी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुणे आपले मच्छीमार जाणतातच. गाडीच्या चाकांच्या बेअरिंगांनाही तेवढीच काळजी लागते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबच्या पुरात सैन्याने उभयचर गाड्या उतरवल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडेही अशा गाड्यांची मागणी उद्या वाढू शकेल. आऊटबोर्ड जोडलेल्या या गाड्यांची बंदर कप्तान खात्याने पाण्यात तपासणी करावी आणि किती माणसे बसवायची तो आकडा गाडीवर रंगवून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फाटलेला तो प्लास्टिकचा तुकडा मी जपून ठेवला आहे. खात्याच्या अधिकाऱ्यांना किंवा अशी गाडी वापरणाऱ्या कोणालाही तो माझ्याकडे येऊन पाहता येईल.

आपला नम्र,
एक आऊटबोर्ड दुरुस्ती कारागीर
बेती, बार्देश