लॅबमधल्या दादांना, मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव विचारायचंच राहिलं, त्या दिवशी डोकंच ठिकाणावर नव्हतं. गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या लॅबमध्ये आईला घेऊन आले होते, तिच्या पायांवर जांभळे ठिपके, घोटे सुजलेले, आठवतंय का?

दीड वर्ष आम्ही सांधेदुखीच धरून बसलो होतो. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, म्हणून संधिवाताच्या गोळ्या चालू, आणि लघवीला फेस येतो हे आई लाजून कुणाला सांगेचना. शेवटी किडनीच्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस सीची टेस्ट करायला लावली आणि ती पॉझिटिव्ह आली. १९८७ला माझ्या वेळी तिला रक्त चढवलं होतं, बहुतेक तेव्हाच झालं असणार, हा व्हायरस सापडलाच १९८९ला, मग तेव्हा तपासणार तरी कसं. व्हायरस लिव्हरचा, पण वर्षानुवर्षं अंगात राहिला की शरीर भलत्याच अँटीबॉडी बनवतं, त्या थंडीत गोठतात, बारीक रक्तवाहिन्यांत आणि किडनीच्या जाळीत अडकतात. त्यांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात.

डॉक्टरांना तोच संशय होता, पण आधी दुसरीकडे केलेला रिपोर्ट निगेटिव्ह होता. तुम्ही कागद बघून एवढंच विचारलंत, "सॅम्पल गरम ठेवून नेलं होतं का?" कुठलं काय, बर्फाच्या डब्यातून गेलं होतं! म्हणजे त्या अँटीबॉडी वाटेतच गोठून रक्ताच्या गाठीत अडकल्या, तपासायला उरल्याच नाहीत. मग तुम्ही सिरिंज, ट्यूब सगळं आधी कोमट केलंत, थर्मासमध्ये थर्मामीटर घालून ३७ डिग्री बघितलंत आणि ट्यूब त्यात धरून स्वतः आत घेऊन गेलात, बाहेर एवढी रांग असताना. आठवड्याने फ्रिजमधली ट्यूब दाखवलीत, तळाशी पांढरा साका, आणि कोमट पाण्यात धरल्यावर तो माझ्या डोळ्यांदेखत विरघळला. दीड वर्षात आईला काय झालंय ते मला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

पुढे १२ आठवडे रोज एक गोळी, सोफोसबुविर-वेलपाटासविर, सरकारी योजनेतून फुकट मिळाली. संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी टेस्ट केली, व्हायरस नाही! ठिपके गेले. किडनी अजून पूर्ण सुधारलेली नाही, प्रोटीन जातंय थोडं, पण फेस कमी झालाय, आता ती स्वतःहून सांगते.

पुढच्या महिन्यात परत येतोय टेस्टला. सकाळीच असता ना तुम्ही? आई नारळाच्या वड्या आणणार आहे, आणि नाव तीच विचारणार म्हणतेय.