वीस बाइटची फाइल

जळगाव,
रविवार, दुपार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री दोन वाजता तू फोन केलास तेव्हा मी अर्धवट झोपेत होते, त्यामुळे तुला धड उत्तर देता आले नाही. सर्व्हरची डिस्क भरली होती, तू बारा जीबीची लॉग फाइल पुसलीस, तरीही जागा काही वाढेना, आणि ‘आई, लिनक्स खोटं बोलतं का गं?’ असे तू वैतागून विचारलेस. फाइल पुसली की डिरेक्टरीतली तिच्या नावाची नोंद तेवढी जाते. एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, ती उघडून धरलेली असेल, तर ती प्रोसेस सोडेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले, पण कसणारा अजून शेतातच उभा आहे, असा हा प्रकार. म्हणून डिस्कवरची एकूण जागा सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरल्याचे सांगते आणि दिसणाऱ्या फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज मात्र त्याहून कमी येते. अशा वेळी फाइल कोणी धरली आहे ते उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ने शोधून ती सेवा पुन्हा सुरू करावी, आणि पुढच्या खेपेस चालू लॉग पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट’ने रिकामा करावा.

हे पत्र लिहायला बसले ते मात्र त्यासाठी नाही. बोलता बोलता तू म्हणालास, ‘काही बिघडलं असतं तरी रोज बॅकअप होतोच आहे.’ त्या एका वाक्यानंतर मला झोप लागली नाही. त्याचे कारण तुला मी कधी सांगितलेले नाही, कारण ती माझ्या नोकरीतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे.

तू शाळेत होतास तेव्हा मी ज्या पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळत होते, तिचे बरेचसे खातेदार रावेर-यावलकडचे केळी उत्पादक होते. सगळी खाती मायएसक्यूएलच्या एका डेटाबेसमध्ये होती, आणि रोज रात्री अकराला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, माझी स्क्रिप्ट चाले: डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या मजकुराची प्रत, काढायचा, तो थेट फाइल आवळून लहान करणाऱ्या जीझिपकडे पाठवायचा आणि तारखेच्या नावाने फाइल ठेवायची. सकाळी आले की मी फाइल बनली आहे ना, एवढे नावावरून पाहत असे. ३१ मार्चचे वर्षअखेरीचे काम उरकल्यावर मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये तो बदलायला विसरले. मेच्या मध्यावर, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला होता आणि भारनियमनामुळे सर्व्हरच्या खोलीतला एसी दुपारभर बंद असे, तेव्हा डिस्क गेली. नवी डिस्क बसवून मी मोठ्या आत्मविश्वासाने आदल्या रात्रीची फाइल उघडायला घेतली. तिचा आकार वीस बाइट होता. त्याआधीच्या रात्रीचीही वीस बाइट, आणि तशीच मागे थेट एप्रिलच्या पहिल्या तारखेपर्यंत.

वीसच का, तेही समजून घे. जीझिपला आत काहीच मिळाले नाही तरी तो आपला मथळा आणि शेपटी लिहून रिकाम्या मजकुराची नियमानुसार फाइल तयार करतो, आणि ती बरोबर वीस बाइट भरते. एकीचे उत्पादन थेट दुसरीकडे जाईल अशा, पाइपने जोडलेल्या आज्ञांमध्ये, त्या चालवणारा शेल फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल पाहतो. डंप पासवर्डाअभावी नापास झाला, जीझिप पास झाला, म्हणून सगळी स्क्रिप्ट पास. मधली एकही आज्ञा नापास झाली तर सगळे नापास धरायला लावणारी ‘पाइपफेल’ची एक ओळ वर लिहिली असती, तर निदान निकाल तरी नापास आला असता. त्याहून जिव्हारी लागले ते वेगळेच. क्रॉनने आपले काम चोख केले होते. रोज रात्री ती चूक त्याने ईमेलने कळवली होती, पण त्याच सर्व्हरवरच्या रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याच्या, टपालपेटीत, जी मी वर्षानुवर्षे उघडलेली नव्हती.

दीड महिन्याचे व्यवहार आम्ही पाच जणांनी अकरा दिवस बसून कीर्द आणि व्हाउचरांवरून पुन्हा टाइप केले. कागदावरची कीर्द बंद करून टाका, असा आग्रह मीच संचालकांकडे दोन वर्षे धरला होता. त्यांनी ऐकले नाही, हे माझे नशीब.

माझ्याएवढे अडाणी काम मोठ्या कंपन्यांत होत नसेल, असे तुला वाटेल. ३१ जानेवारी २०१७ रोजी, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसली. दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, पण तोवर सुमारे ३०० जीबी गेले होते. बॅकअप पाहायला गेले तर जागा रिकामी: त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे, डेटाबेस ९.६चा, त्यामुळे डंप रोज नापास होत होता. आणि ते कळवणारे ईमेल समोरचा मेल सर्व्हर स्वीकारत नव्हता. ते वाचताना मला माझी रूटची टपालपेटी आठवली. सुमारे सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावले. अभियंत्याचे नाव न घेता त्यांनी सगळा वृत्तान्त जाहीर केला, तो तू मुळातून वाच.

तुझे आजोबा भुसावळला रेल्वेत होते. जुन्या सिग्नलची तार तुटली तर त्याचा हात आपल्या वजनाने ‘थांबा’वरच येतो, हे ते कौतुकाने सांगत. माझी स्क्रिप्ट नेमकी उलटी होती. तार तुटली तरी ती ‘जाऊ द्या’च दाखवत राहिली. त्या उन्हाळ्यानंतर मी तिला रोज यशाचा निरोप पाठवायला लावले, त्यात फाइलचा आकारही असे, आणि सकाळी नऊपर्यंत निरोप आला नाही तर तो बिघाडच धरायचा असे ठरवले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताजी प्रत घरच्या जुन्या संगणकावर उतरवून त्या दिवसाची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, छापील तेरजेशी रुपया-पैशानिशी जुळवत असे. ती जुळेपर्यंत तुझ्या बाबांना जेवायला थांबावे लागे, हे ते अजून बोलून दाखवतात. अशा जुळवणीत दोनदा गफलत सापडली, एकदा तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली होती, कारण डंप काढताना कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, चुकला होता.

तुमच्याकडे हे सगळे क्लाउडवर आपोआप होत असेल. तरी उद्या कामावर गेलास की विचार: शेवटची प्रत प्रत्यक्ष कधी उतरवून पाहिली, किती मिनिटे लागली, आणि ती कुणी जुळवली? उत्तर मला कळव. आणि आखाजीला येशील तेव्हा तुझी ती फोटोंची हार्ड डिस्क घेऊन ये. जुना संगणक दिवाणाखाली अजून आहे, बाबांनी तो भंगारात द्यायचा विषय दोनदा काढला, मी देऊ दिलेला नाही.

तुझी,
आई