सात मूलद्रव्यांची वाट आखून देणाऱ्या कमांडरास

प्रिय अनामिक कमांडर,

एलिट डेंजरस या अंतराळ-उड्डाणाच्या व्हिडिओ गेममधल्या चौथ्या, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ श्रेणीच्या सात रॉ मटेरियलची (कच्च्या मूलद्रव्यांची) तुम्ही केलेली यादी आमचा अख्खा स्क्वॉड्रन, म्हणजे खेळाडूंची तुकडी, वापरतो. त्याबद्दल मनापासून आभार. ठिकाणं सांगणारे पुष्कळ भेटतात, हिशेब समजावणारे कमी.

एकाच जागी पोलोनियम १५० च्या मर्यादेपर्यंत भरायचं आणि उरलेलं मटेरियल स्टेशनवरच्या ट्रेडरकडून बदलून घ्यायचं, हा मोह सगळ्यांनाच होतो. पण ही मटेरियल सात गटांत विभागलेली आहेत, प्रत्येक गटात चार श्रेणी; श्रेणी तीच ठेवून गट बदलला की ट्रेडर ६ घेऊन १ देतो. म्हणजे भरलेलं सगळं पोलोनियम ओतलं तरी हातात टेल्युरियम फक्त २५! त्याच गटात वर चढायलाही ६ ला १ हाच भाव. खाली उतरताना मात्र दर पायरीला तिप्पट मिळतं: १ पोलोनियमला पारा ३ किंवा आर्सेनिक ९. म्हणून सातही मूलद्रव्यं मुळातून आणावीत आणि ट्रेडरकडे फक्त खाली उतरावं, हा तुमचा नियम आम्ही सोडत नाही. उतरतानाही तिसऱ्या श्रेणीला २०० आणि दुसरीला २५० ही मर्यादा आहेच, त्यामुळे लागेल तेवढंच मोडावं.

मार्गही नेटका आहे. एचआयपी ३६६०१ या एकाच सिस्टिममधल्या (तारे आणि त्यांभोवतीचे ग्रह) वेगवेगळ्या ग्रह-चंद्रांवर चार मूलद्रव्यं उरकतात: सी १ ए वर पोलोनियम, सी १ डी वर रुथेनियम, सी ३ बी वर टेल्युरियम, सी ५ ए वर टेक्नेशियम. इट्रियम आणि अँटिमनीसाठी आउटोट्झ एलएस-के डी८-३ ही सिस्टिम. सेलेनियमसाठी वाट वाकडी करून एचआर ३२३० च्या ३ ए ए वरची ब्रेन ट्री (मेंदूसारखी दिसणारी परग्रहावरची झाडं) गाठावी लागतात. ते काम कंटाळवाणं आहे, हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत.

सगळ्यात उपयोगी पडली ती कडेची एक ओळ. एफएसडी म्हणजे जहाजाचं ताऱ्यांदरम्यान उडी मारणारं इंजिन; त्याच्या उडीचा पल्ला दुप्पट करणाऱ्या प्रीमियम एफएसडी इंजेक्शनला कार्बन, नायोबियम, इट्रियम, जर्मेनियम, आर्सेनिक आणि पोलोनियम प्रत्येकी १ लागतं. पहिले तिन्ही इट्रियमच्या गटातले, जर्मेनियम टेल्युरियमच्या, उरलेले दोन पोलोनियमच्या. म्हणजे तीनच मूलद्रव्यं भरली की इंजेक्शनची सोय झाली. वेळ कमी असेल त्याने बाकीची चार खुशाल पुढे ढकलावीत.

एसआरव्ही, म्हणजे ग्रहावर उतरून चालवायची गाडी, तिच्याबद्दलच्या सूचनाही नेमक्या. ग्रहाच्या उजेडाच्या बाजूलाच उतरायचं. मटेरियलचे तुकडे पाडताना शक्यतो चढाच्या बाजूने गोळी मारायची नाही, तुकडे घरंगळत दूर जातात. तुकडा टार्गेट करून, स्कूप उघडून, अगदी हळू पुढे जायचं. वेगात गेलं की नाकाचा धक्का लागून तो उडतो, आणि कमी गुरुत्वाकर्षणात उडालेला तुकडा लवकर थांबत नाही. एसआरव्हीच्या इंधनासाठी गंधक आणि फॉस्फरस, दुरुस्तीसाठी लोखंड आणि निकेल आधीच जवळ हवं, हेही नवख्यांना कुणी सांगत नाही.

यादीत एक भर घालता आली तर पाहा. रॉ मटेरियलचा ट्रेडर एक्स्ट्रॅक्शन किंवा रिफायनरी इकॉनॉमीच्या स्टेशनवर असतो. इंडस्ट्रियल स्टेशनवर गेलं तर मॅन्युफॅक्चर्ड मटेरियलचा ट्रेडर भेटतो आणि फेरी फुकट जाते.

आपले आभारी,
स्क्वॉड्रनमधले सगळे