सही माझी, गळा आक्काचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गळ्यावरची गाठ लिंबाएवढी झाली होती. घास अडकायचा, उताणं झोपलं की जीव गुदमरायचा. सुई घालून तपासलं तेव्हा कॅन्सर निघाला नाही, पण गाठ श्वासनलिकेवर दाबत होती. ऑपरेशन करायलाच हवं होतं, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. जखम भरली, चौथ्या दिवशी आक्का घरी आली. आवाज मात्र परत आला नाही. बसका, फुटका आवाज, चार वाक्यं बोलली की दमते. आणि ही बाई गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं गात आलेली.

आधी "सूज आहे, उतरेल" असं सांगण्यात आलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, तर एका बाजूचा स्वरतंतू हलतच नव्हता. आवाजाची नस थायरॉइडच्या मागून, अगदी लगटून जाते आणि ऑपरेशनमध्ये ती ताणली किंवा दुखावली जाऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. बऱ्याच जणांचा आवाज काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतो, पण अनुभवी सर्जनच्या हातूनही शंभरात एखाद्याचा कायमचा बिघडतो. आणखी एक बारीक नस असते. ती दुखावली तर रोजचं बोलणं ठीक राहतं, पण वरचे स्वर जातात. पूर्ण ग्रंथी काढली तर कॅल्शियम उतरून ओठांना, बोटांना मुंग्या येऊ शकतात. यातलं काहीच गुपित नाही, सर्जन मंडळींना हे पाठ असतं. डॉक्टरांचा हात चुकला असंही मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की हे आक्काला आधी कुणी सांगितलं नाही.

आणि त्यात मी होतो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टरांनी माझ्यापुढे तीन पानं धरली. "इथं, इथं आणि इथं सही करा, वरून दोनदा फोन आलाय." मजकूर इंग्रजीत, ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण एक ओळ न वाचता सह्या केल्या. आक्का माझ्यापासून चार हात अंतरावर स्ट्रेचरवर पडली होती, पूर्ण शुद्धीत. तिची सही कुणी मागितली नाही. आदल्या दिवशी डॉक्टरांना मीच म्हणालो होतो, "तिला जास्त काही सांगू नका, घाबरेल." बिलाच्या खिडकीवर मात्र जनरल की स्पेशल रूम, विम्यात काय बसतं, ॲडव्हान्स किती, यावर वीस मिनिटं बोलणं झालं.

दुर्बिणीचा रिपोर्ट आल्यावर आक्कानं मला विचारलं, "तुला ठाव हुतं?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मी ऑपरेशनला न्हाई म्हटलं नसतं रं. पर चार गवळणी नातीच्या मोबाईलात भरून ठिवल्या असत्या."

नंतर मी थोडी माहिती काढली. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला आहे. एका महिलेने फक्त दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजाशय काढले. न्यायालयाने स्पष्ट केलं की पेशंट सज्ञान आहे, तात्पुरता बेशुद्ध आहे आणि जिवावर बेतलेलं नाही, तर नातेवाइकाची संमती चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. उपचार काय आहे, कशासाठी आहे, दुसरा पर्याय आहे का, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं पेशंटला सांगितलं पाहिजे. लाखात एखादा दुर्मीळ धोकाही सांगत बसा, असं न्यायालय म्हणत नाही. म्हणजे डॉक्टरांवर अशक्य ओझं टाकलेलं नाही. माझ्या तीन सह्या आणि हा निकाल शेजारी ठेवून मी बराच वेळ बसलो होतो.

"सांगितलं तर पेशंट घाबरतो" हे उत्तर मला आता पटत नाही. आक्काचं गाव करवीर तालुक्यात, नदीकाठी. जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्याची पातळी तिथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आकडा ऐकून कुणी छाती पिटत नाही. जनावरं सोडतात, धान्य माळ्यावर चढवतात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडं धाडतात. २०१९ च्या महापुरात घर कधी सोडायचं हे आक्कानंच ठरवलं होतं. त्या बाईला स्वतःच्या गळ्यातला धोका सोसला नसता, असं आम्ही कशावरून ठरवलं?

डॉक्टरांची अडचण मला दिसते. सीपीआरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत सकाळी जाऊन बघा. कोल्हापूर जिल्ह्याबरोबरच कोकणातून, सीमाभागातून लोक आलेले असतात, रांग संपत नाही. त्यात मारहाणीची भीती. दवाखान्यांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, तरी भीती गेलेली नाही. पण "साधं ऑपरेशन आहे, उद्या चालायला लागेल" एवढंच ऐकून आलेल्या घरच्यांना अचानक वाईट बातमी मिळते, तेव्हाच माथी भडकतात. आधी सांगितलेलं असेल तर दुःख होतं, पण फसवल्यासारखं वाटत नाही.

हे जमतं, हेही मी पाहिलं आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींना पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर पेनानं यकृत, पित्ताशय, पित्तनळी काढली. दुर्बिणीनं जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, हजारात तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनळीला इजा होते आणि मग पुन्हा मोठं ऑपरेशन लागू शकतं, हे सांगितलं. बोलत होते वहिनींकडं बघून, आमच्याकडं नाही. सगळं मिळून दहा मिनिटं. वहिनींनी दोन दिवस विचार केला आणि स्वतः सही केली.

आपल्या दैनिकामार्फत शहरातल्या डॉक्टर मंडळींना माझी विनंती आहे. संमतीपत्र मराठीत द्या, सीमाभागातल्या पेशंटला कन्नडमध्ये द्या. ऑपरेशनचं नाव आणि त्याचे मुख्य धोके लिहिल्याशिवाय कागद पुढे करू नका. तो आदल्या दिवशी द्या, एक प्रत पेशंटजवळ राहू द्या. पेशंट पोटासाठी काय करतो, जिवाला काय लागतं हेही विचारा. गळ्याचं ऑपरेशन गाणाऱ्याचं, शिक्षकाचं की बाजारात ओरडून भाजी विकणाऱ्या बाईचं, याने फरक पडतो. नातेवाइकांना मी काय सांगू, मी स्वतःच चुकलोय. "त्यांना सांगू नका" असं डॉक्टरांच्या कानात म्हणण्याआधी त्यांनी निदान एकदा माझ्या आक्काला भेटावं.

पुढच्या महिन्यात आक्काच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सही तीच करणार. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न ती नातीकडून वहीत लिहून घेते आहे, कालपर्यंत सात झाले होते.

आपला,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर