आबांचा लॅपटॉप आवरू नकोस

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. दिवाळीत येऊन आबांना कॉम्प्युटर नीट शिकवते असं म्हणालीस, जरूर शिकव, पण त्याआधी इकडं काय काय झालंय ते सगळं लिहूनच कळवते, कारण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि मीटिंग आहे म्हणून ठेवतेस. मामाच्या घराचं काम अजून स्लॅबवरच अडकलंय त्यामुळं आबा संक्रांतीपर्यंत तरी इथंच आहेत आणि तुझा जुना लॅपटॉप आता पूर्ण त्यांचा झालाय. पप्पांनी नुसता हात लावला तरी विचारतात, काय पाहिजे तुम्हाला.

पहिलं म्हणजे तो लॅपटॉप आवरू नकोस. गणपतीत आलीस तेव्हा सगळे आयकॉन एका फोल्डरमध्ये टाकून डेस्कटॉप चकाचक करून गेलीस, आणि तू एसटीत बसलीस न बसलीस तोवर इकडं आबा, माझं सगळं पुसलं गं पोरीनं म्हणून हवालदिल. अगं ते नाव वाचून उघडत नाहीत, इंग्रजी अक्षरं त्यांना एकेक ओळखू येतात पण सलग वाचायला वेळ लागतो, त्यांना जागा पाठ असते. क्रोम म्हणजे कचऱ्याच्या डब्याखालचं तिसरं, बस्स. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे इकडचे तिकडं केल्यावर त्या बाईचं जे होईल तेच झालं त्यांचं. मी सगळं परत होतं तसं लावून दिलंय. अपडेट बिपडेट करायचं असेल तर त्यांना विचारून कर, आणि नंतर काय बदललं ते दाखव.

दुसरं, सुरुवातीपासून शिकवू नकोस. पप्पांनी तो प्रयोग केला, हा सीपीयू, ही रॅम, हे इनपुट हे आउटपुट, आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि झोपायला गेले. आम्ही शाळेतल्या बायकांनी एमएससीआयटी केलं ते वेतनवाढ थांबू नये म्हणून, व्याख्या पाठ करून पास झालो आणि त्यातल्या कितीजणींना नंतर साधा ईमेल पाठवता यायचा ते विचारू नकोस. आबांना कुठली आलीय वेतनवाढ. त्यांना सातबारा बघायचा होता.

म्हणून आम्ही डायरेक्ट महाभूलेख, म्हणजे सातबारा दिसतो ती सरकारी वेबसाइटच उघडली. आधी विभाग पुणे, मग जिल्हा सातारा, मग तालुका, मग गाव, मग गट नंबर. गावांच्या यादीपाशी पहिल्यांदा फार वैताग झाला, माऊसचं चाक जरा जास्त फिरलं की आपलं गाव वर निघून जायचं आणि हे चुकून वरचंच कुठलं तरी गाव निवडून बसायचे. मला सारखं वाटायचं आणा इकडं मी करते, पण मी मुद्दाम हातात भाजी निवडायला घेऊन बसले. हात रिकामा असला की माऊसवर जातो गं, तुझा तर फारच जातो. गट नंबर मात्र न विचारता टाकला, तो काय ते झोपेतपण सांगतील. मग मोबाईल नंबर, आणि मग तो कॅपचा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची ते. हे शून्य का ओ, हे मोठं सी का लहान, दोनदा चुकल्यावर म्हणाले तलाठी भाऊसाहेबसुद्धा एवढं विचारत नव्हते. कॅपचा वाचता येत नसेल तर बाजूचं बटण दाबून दुसरा घ्यायचा हे त्यांना कळलं आणि आता ते मनासारखा सोपा येईपर्यंत बदलत बसतात, बसू देत.

उतारा समोर आला तेव्हा चष्मा पुसून अख्खा वाचला. आकारणी, कुळाचं नाव, इतर हक्क, पीकपाहणीत मागच्या वर्षीचं सोयाबीन, कुठं काय असतं ते उलट त्यांनीच मला समजावून सांगितलं. मी म्हटलं फुकटात दिसतो तो फक्त बघायला, कचेरीत तो चालत नाही, तिथं लागतो तो डिजिटल सहीचा आणि त्याला पंधरा रुपये पडतात, तर म्हणाले पंधरा रुपयात कोण देतंय आजकाल, येण्याजाण्यालाच शंभर जायचे. पैसे भरायचं काम अजून माझ्याकडं ठेवलंय, ते तूपण शिकवू नकोस एवढ्यात.

आता गंमत ऐक. सातबारा कुणालाही कुणाचाही बघता येतो हे त्यांच्या लक्षात आलं, झालं! रोज सकाळी चहा झाला की गावातले गट नंबर चालू. कुणावर सोसायटीचा बोजा आहे, कुणाचा फेरफार अजून प्रलंबित आहे, वाटपाच्या गोष्टी करणाऱ्या भावाभावांची नावं अजून एकत्रच कशी आहेत, सगळं घरबसल्या. संध्याकाळी फोनवर मामाला बातम्या. पप्पा म्हणतात हे बरं नाही, लोकांच्या भानगडी कशाला, पण मी गप्प बसते कारण या नादात त्यांना यादीतून निवडणं, मागं जाणं, दुसरा टॅब उघडणं, कंट्रोल आणि प्लस दाबून अक्षर मोठं करणं हे सगळं कुणी न शिकवता यायला लागलं. कंट्रोल प्लस तर त्यांना एवढं आवडलंय की अक्षर लाडवाएवढं होतं.

हाताचा थरथराट आहे तो आहेच. डबल क्लिक जमत नाही, दोन क्लिकच्या मधे माऊस सरकतो आणि आयकॉनच ओढत नेतात. मी त्यांना एकदा क्लिक करून एंटर दाबायला सांगितलंय, ते जमतं. डबल क्लिकचा स्पीड कमी करता येतो म्हणतात तो करून दे, बाण मी आधीच मोठा आणि काळा केलाय. पत्त्यांचा तो सॉलिटेअरचा खेळपण लॅपटॉपवर घालून दे, पत्ता ओढून ओढून ड्रॅग करायची सवय होईल, आणि पत्ते म्हटल्यावर ते बसतीलच.

टायपिंगचं सांगते. तू शिकवलेलं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचं ते त्यांच्या कामाचं नाही, स्पेलिंग कुठून आणणार. मी इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट मराठी अक्षरांचा कीबोर्ड, चालू करून बटणांवर मराठीचे स्टिकर लावलेत. डाव्या हाताला काना मात्रा, उजवीकडं व्यंजनं, शिफ्ट दाबलं की क चा ख आणि च चा छ, हे सातवी पास माणसाला लगेच पटतं. जोडाक्षराला मधे पाय मोडायचं बटण, तेपण आलं. भांडण फक्त पहिल्या वेलांटीवरून आहे. हातानं लिहिताना वेलांटी आधी काढून मग अक्षर काढायची सवय, इथं आधी अक्षर आणि मग वेलांटी, त्यामुळं किसन लिहायला गेले की वेलांटी एकटीच गोल ठिपक्याला लटकते आणि आबा म्हणतात, बघ तुझं मशीन अशुद्ध लिहितंय. त्यांच्याशी वाद घालू नकोस, मी घालून बघितलाय.

एक मात्र तू बसून नीट सांग, माझं ऐकतात पण तू बँकेच्या कॉम्प्युटरमधलं काम करतेस म्हणून तुझं जास्त ऐकतील. परवा गावच्या ग्रुपवर पीएम किसानची यादी म्हणून एक एपीके फाईल, म्हणजे दाबली की मोबाईलमध्ये ॲप घुसवणारी, आली होती, दोन हजाराचा हप्ता म्हटल्यावर कुणीपण दाबेल. त्यांनी मला विचारलं म्हणून बरं. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मोबाईलवर आलेली फाईल उघडायची नाही, आणि काही झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३० ला फोन, एवढं मी मोठ्या अक्षरात लिहून कॅलेंडरशेजारी चिकटवलंय. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत हेपण सांग, टीव्हीवर त्या डिजिटल अटकेच्या फसवणुकीचं ऐकल्यापासून त्यांना उगाच भीती बसलीय आणि अनोळखी फोनच उचलत नाहीत, त्यात दवाखान्याचापण राहिला.

येताना वायरचा माऊस आण, बिनवायरच्याचा सेल संपला की लॅपटॉप बिघडला म्हणून मामाला फोन जातो. आणि आल्यावर त्यांनी सातबारा दाखवतो म्हटलं की बघ मुकाट्यानं, तुला तो कसा काढायचा ते माहीत असलं तरी. चिवड्याचे पोहे मी इथूनच घेतलेत, काजू मात्र तू आण, इकडं फार महाग लावतात.

तुझी
आई