गाणारी ठिणगी मांडण्यापूर्वी

महोदय,

विज्ञान प्रदर्शनात ‘गाणारी ठिणगी’ मांडायची मुलांना हौस असते आणि ती रास्तच आहे. ठिणगीचा जोर गाण्याबरोबर कमी-जास्त होतो, भोवतालची हवा फुगते-आकसते आणि स्पीकरच्या पडद्याशिवाय आवाज निघतो. ब्रिटिश अभियंते विल्यम डडेल यांनी १९०० साली लंडनमध्ये कार्बनच्या विद्युतज्योतीतून सूर काढून दाखवले होते.

ठिणगीसाठी आणलेला मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर मात्र आयोजकांनी दारातच अडवावा. त्यातून दोन हजारांच्या आसपास व्होल्ट निघतात आणि माणूस जागीच मरेल एवढा करंटही. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतला ईएचटी, म्हणजे हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, पुरतो. तोही निरुपद्रवी नाही. ट्यूबमध्ये साठलेला चार्ज उतरवून तो काढण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. त्याच्या फेराइट गाभ्याच्या उघड्या बाजूवर जाड इन्सुलेटेड वायरचे ८ ते १० वेढे घेऊन १२ व्होल्टवर सुरुवात करावी.

तो चालवायला टीएल४९४ हा पल्स देणारा आयसी. पाचव्या पिनवर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, सहाव्यावर २२ किलोओहमचा रेझिस्टर लावले की सुमारे ५० किलोहर्ट्झ मिळतात, म्हणजे शिट्टी कानाला येत नाही. तेरावी पिन ग्राउंडला. १ आणि १६ ग्राउंडला, २ आणि १५ चौदाव्या पिनच्या ५ व्होल्टला जोडायला बहुतेक जण विसरतात. मग आयसी लहरीप्रमाणे बंद पडतो आणि दोष बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरला. गाणे कपॅसिटरमधून चौथ्या पिनवर द्यावे, पण तिथे आधी पॉटने (कमी-जास्त करता येणाऱ्या रेझिस्टरने) दीड-पावणेदोन व्होल्ट ठेवावेत. ते नसतील तर ध्वनिलहरीचा खालचा भाग कापला जातो आणि गाणे फाटते.

ट्रान्सफॉर्मरचा करंट चालू-बंद करणारा मॉस्फेट ट्रान्झिस्टर जळण्याचे कारण बहुधा त्याचे गेट, म्हणजे चालू-बंद करणारे टोक, असते. आयसी ते भरतो, पण झटकन रिकामे करत नाही. त्यासाठी पीएनपी ट्रान्झिस्टर लावावा, हीटसिंक तर हवेच. ठिणगीसाठी लावलेली तांब्याची टोके वितळतात. कुपवाडच्या एमआयडीसीत वेल्डिंगवाल्यांकडे टिग वेल्डिंगची टंगस्टन कांडी मिळते, ती वापरावी. ढोलकीचा ठेका यात उमटत नाही, मिरजेच्या सतारीची तार मात्र छान वाजते.

मोबाईल वायरने कधीही जोडू नये. हाय व्होल्टेजचा परतीचा मार्ग त्याच ग्राउंडमधून जातो. ब्लूटूथ रिसीव्हर लावावा, फोन लांब राहतो. ठिणगीसमोर ॲक्रिलिकची काच, वर ओझोन जायला वाट आणि दाबून धरले तरच चालणारे बटण, एवढे तपासूनच परीक्षकांनी टेबल द्यावे.

– एक इलेक्ट्रॉनिक्स शिक्षक, विश्रामबाग, सांगली