सीमांत खर्चाचा धडा आणि भूजलाची परिषद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात अलीकडेच झालेल्या भूजल धोरणावरील एका परिषदेला मी श्रोता म्हणून उपस्थित होतो. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकताना सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक एकक वापरल्यास पडणारा जादा खर्च, ही संकल्पना परीक्षेपुरतीच आहे, अशी आम्हा बहुतेकांची समजूत होती. आमचे सर मात्र विनामीटर कृषिपंपाचे वीजबिल वर्गात फिरवत आणि पंप आणखी तासभर चालवला तर बिल कितीने वाढेल, असे विचारत. आकारणी वापरावर नव्हे, तर पंपाच्या अश्वशक्तीवर असल्यामुळे उत्तर शून्य येई. परिषदेत दिवसभर मला हे शून्यच आठवत होते.

तिथे भर होता ठिबकच्या अनुदानावर. ठिबकमुळे पिकाला कमी पाणी पुरते हे खरे; पण उपशाला पैसे पडत नसतील, तर वाचलेल्या पाण्यावर शेजारचे अर्धा एकर रान भिजवले जाते आणि विहिरीला त्याचा काहीच लाभ होत नाही. राज्याने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय घेतला. शेतमालाचे भाव आणि रात्री-अपरात्री येणारी वीज पाहता या सवलतीबद्दल शेतकऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु पंजाबने २०१८ मध्ये वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला चार रुपये देणारी योजना सुरू केली, म्हणजे सवलत न काढताही पंप बंद ठेवण्याला मोल देता येते. याचा उल्लेखही कोणत्या सत्रात झाला नाही.

'जनजागृती हवी' हे वाक्य मात्र पुष्कळदा ऐकले. सामाईक साधनसंपत्तीच्या तासाला आम्ही विलासराव साळुंखे यांची पुरंदरमधील पाणी पंचायत अभ्यासली होती. तिथे पाण्याचा वाटा मालकीच्या जमिनीवर नव्हे, तर माणशी अर्धा एकर भिजेल या हिशेबाने ठरे, भूमिहीनालाही हक्क मिळे आणि उसाला मनाई असे. नियम लाभधारकांनी स्वतः मान्य केलेले होते. याउलट साठ मीटरपेक्षा (सुमारे दोनशे फुटांपेक्षा) खोल विहिरींना आळा घालणारा २००९ चा भूजल कायदा असूनही गावोगावी बोअर पाचशे फूट खाली जात आहेत.

भूजल पाणीपुरवठा विभागाकडे आणि वीज ऊर्जा विभागाकडे, अशी वाटणी असल्याने हा प्रश्न दोन फायलींत विभागला जातो. पुढील परिषदेत दोन्ही विभागांच्या सचिवांना एकाच सत्रात निमंत्रित करावे, ही सूचना आपल्या वृत्तपत्राद्वारे आयोजकांपर्यंत पोहोचावी, अशी विनंती आहे.

आपला,
अर्थशास्त्राचा एक माजी विद्यार्थी, पुणे